पंचवीसपैकी सातवं

मध्यंतरी मुंबईतल्या एका कलादालनात एचिंगचं प्रदर्शन होतं. जेमतेम वीतभर आकाराचं, नुसत्या काळ्या शाईतलं एक चित्र बराच वेळ पाहून एका बाईंनी विचारलं, "हे ओरिजिनल आहे की प्रिंट?" दालनातल्या माणसाने लगेच सांगितलं, "ओरिजिनलच आहे मॅडम. पंचवीस प्रतींपैकी सातवं. खाली चित्रकाराची सही आहे, बघा." बाईंचं समाधान झालं. माझं झालं नाही, कारण प्रश्नच चुकीचा होता आणि उत्तर त्याहून चुकीचं. त्यानंतर या विषयावर जिथे जिथे वाद ऐकला तिथे हेच दोन पक्ष भेटले. एक म्हणतो, छापलेलं ते छापलेलं, त्याला चित्राचा मान कसला? दुसरा म्हणतो, मान द्यायलाच हवा, कारण प्रती मोजक्या आहेत. भांडण मोठं दिसतं, पण मुळाशी दोघांचं एकमत आहे: जे दुर्मीळ तेच अस्सल. मला या एकमताशीच भांडायचं आहे. मुद्राचित्र, म्हणजे पत्रा, लाकूड किंवा दगडावर घडवून कागदावर छापलेलं चित्र, ही कशाचीही नक्कल नसते, आणि त्याचं अस्सलपण प्रतींच्या संख्येवर मुळीच अवलंबून नसतं. युरोपात ही कला पाचशे-सहाशे वर्षं वाढली ती अनेक हातांत जाण्याच्या ताकदीवर. तिची बाजू घेणाऱ्यांनीच तिची ही ताकद लपवावी, याचं मला फार वाईट वाटतं.

घोटाळा होतो तो ‘छापील चित्र’ या शब्दापाशी. आपल्याकडे हा शब्द ऐकला की राजा रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वती डोळ्यांपुढे येतात. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हललेल्या त्याच्या छापखान्याने त्या घराघरांतल्या भिंतींवर आणि देवघरांत नेऊन बसवल्या. त्यांतल्या बहुतेकींच्या मागे एक तैलचित्र होतं. आधी कॅनव्हास, मग एकेका रंगासाठी वेगळा दगड, मग छपाई. म्हणून छापलेल्या प्रत्येक चित्रामागे कुठेतरी एक ‘खरं’ चित्र असणार, अशी आपली समजूत झाली. एचिंगमागे असं काहीही नसतं. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेण आणि राळेचा पातळ थर देतात. त्यावर सुईने रेघ ओढली की थर निघतो आणि तांबं उघडं पडतं. पत्रा आम्लात ठेवला की उघडं तांबं खाल्लं जातं, झाकलेलं शाबूत राहतं. आम्लात जितका जास्त वेळ, तितकी रेघ खोल, आणि जितकी खोल, तितकी कागदावर काळी. मग थर पुसून टाकून रेघांमध्ये शाई चोळून भरायची, वरची शाई जाळीदार कापडाने आणि शेवटी हाताच्या तळव्याने निपटून काढायची, वर ओलसर कागद आणि जाड लोकरी कापड घालून पत्रा दोन रुळांमधून न्यायचा. कागद त्या दाबाखाली रेघांत शिरतो आणि शाई उचलून आणतो. आता सांगा, यातलं ‘मूळ चित्र’ कोणतं? पत्रा? त्यावर तर सगळं उलटं असतं, आणि कोणत्याही चित्रकाराने पत्रा भिंतीवर टांगण्यासाठी कोरलेला नसतो. चित्र पुरं होतं ते कागदावर, आणि दर वेळी नव्याने होतं. तव्यावरची दुसरी भाकरी पहिलीची नक्कल नसते.

हे पटायला रेम्ब्रांटपुरती वाट वाकडी करावी. त्याने जवळपास तीनशे एचिंग्ज केली. १६५३ सालच्या ‘तीन क्रूस’ या मोठ्या चित्रात त्याने आम्लाऐवजी बरंचसं काम थेट सुईनेच तांब्यावर ओरखडून केलं. या पद्धतीला ड्रायपॉइंट म्हणतात. रेघेच्या कडेला तांब्याचा कीस उभा राहतो, त्यात शाई अडकते आणि रेघ मखमलीसारखी मऊ, दाट उमटते. पहिल्या प्रतींमध्ये ख्रिस्तावर वरून प्रकाशाचा लोट पडलेला दिसतो आणि क्रुसाच्या पायाशी जमलेली माणसं एकेक करून ओळखता येतात. कीस दाबाखाली लवकर झिजतो, तसा इथेही झिजला. मग रेम्ब्रांटने काय केलं? पत्रा टाकून दिला नाही. त्याच पत्र्यावर त्याने नवं चित्र रचलं. माणसं खरवडून काढली, काही अंधारात बुडवली, एक उंच टोपीचा घोडेस्वार नव्याने आणला, आणि वरपासून खालपर्यंत अशा दाट रेघा ओढल्या की सगळ्या देखाव्यावर काळोख कोसळल्यासारखा वाटतो. दोन्ही अवस्था शेजारी ठेवून पाहिल्या की हा एकच पत्रा आहे हे डोळ्यांना खरं वाटत नाही. शाई पुसतानाही तो कुठे पातळ थर मुद्दाम राहू द्यायचा. कधी चर्मपत्रावर छापायचा, कधी डच कंपनीच्या जहाजांतून आलेल्या जपानी कागदावर. त्याच्याही आधी, हेर्क्युलिस सेगर्स नावाचा एक विलक्षण डच माणूस तर एकाच पत्र्याची प्रत कधी रंगीत कागदावर, कधी कापडावर घ्यायचा आणि वरून ब्रशने रंगवायचा. सेगर्सचा एक पत्रा रेम्ब्रांटकडे आला. त्याने त्यातले टोबायस हा बायबलकथेतला तरुण आणि देवदूत पुसले, तिथे इजिप्तला पळून जाणारं पवित्र कुटुंब कोरलं आणि भोवतालचा निसर्ग मात्र बराचसा सेगर्सचाच राहू दिला. नकलेच्या मोजपट्टीने हे काम कुठून कुठपर्यंत मोजणार?

आता समोरच्या पक्षाचा सर्वांत जोरकस मुद्दा. युरोपातली बरीचशी मुद्राचित्रं खरोखरच दुसऱ्यांच्या चित्रांवरून केलेली होती. सोळाव्या शतकापासून थेट फोटोग्राफी येईपर्यंत इटलीतली भित्तिचित्रं अँटवर्पला किंवा लंडनला दिसत ती एन्ग्रेव्हिंगमधूनच, म्हणजे आम्लाशिवाय थेट हत्याराने तांब्यावर कोरून छापलेल्या चित्रांतूनच. रुबेन्ससारख्या चित्रकाराने तर स्वतःच्या चित्रांवरून कोरून घेण्यासाठी कसबी माणसं पदरी ठेवली होती. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण यातूनही ‘छापील ते नकली’ एवढं निघत नाही. मार्कांतोनियो राइमोंदीचंच उदाहरण घ्या. राफाएलच्या रेखाटनांवरून कोरणारा म्हणून त्याची ओळख. राफाएलच्या योजनेवरून त्याने कोरलेला ‘पॅरिसचा न्याय’ मात्र राफाएलने रंगात कधी उतरवलाच नाही. ही रचना जगाला माहीत झाली ती त्या तांब्याच्या पत्र्यातून. तिच्या उजव्या कोपऱ्यात बसलेल्या तीन आकृती साडेतीनशे वर्षांनी एदुआर माने याने उचलल्या आणि १८६३ साली ज्या चित्रावरून पॅरिस खवळलं त्या ‘गवतावरची न्याहारी’च्या मध्यभागी बसवल्या. नक्कल करणारा म्हणून ज्याला बाजूला सारायचं, त्याच्याच पत्र्यावरून आधुनिक चित्रकलेची एक वाट फुटली.

याच राइमोंदीने आल्ब्रेख्ट ड्यूरर या जर्मन चित्रकाराची लाकडी ठशांची चित्रं तांब्यावर उतरवली, आणि वर ड्यूररची AD ही खूणही कोरली. ड्यूररने व्हेनिसमध्ये तक्रार केल्याचं वसारी हा चित्रकारांचा इटालियन चरित्रकार सांगतो. वसारी कहाण्या रंगवतो, म्हणून त्यावर फार भार देऊ नये, पण न्यूरेंबर्गच्या नगरपरिषदेचा १५१२ चा निर्णय नोंदलेला आहे. एक परका माणूस नगरभवनापाशी ड्यूररची खोटी खूण असलेली चित्रं विकत होता. परिषदेने फर्मावलं की खूण काढून टाक, नाहीतर माल जप्त होईल. या निर्णयात संरक्षण कशाला मिळालं? नावाला. किती प्रती छापायच्या याची काळजी कोणीच केली नाही, स्वतः ड्यूररने तर नाहीच. सोनाराचा हा मुलगा १४९८ मध्ये बायबलच्या शेवटच्या ‘प्रकटीकरण’ या पुस्तकावरची १५ मोठी चित्रं स्वतःच प्रकाशित करून बसला होता. बायको आग्नेस फ्रँकफर्टच्या जत्रेत त्याची चित्रं विकायची, आईही विक्रीला हातभार लावायची. १५०९ मध्ये एका श्रीमंत गिऱ्हाइकाच्या वेदीचित्रावर महिनोन्‌महिने घालवल्यावर त्याने त्याला कळवलं की मी कोरण्याचंच काम धरून राहिलो असतो तर आज हजार गुल्डनने अधिक श्रीमंत असतो. चित्रं जितकी अधिक विकली जातील तितकं त्याला हवंच होतं.

ड्यूररच्या गेंड्याची गोष्ट इथे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, आणि तिचं एक टोक आपल्याच किनाऱ्यावर आहे. गुजरातच्या सुलतान मुजफ्फर शाहने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला. जानेवारी १५१५ मध्ये तो गोव्याहून जहाजावर चढवला गेला आणि २० मे रोजी लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिलाच नव्हता. कोणीतरी न्यूरेंबर्गला पत्र आणि रेखाटन पाठवलं. ड्यूररने प्राणी डोळ्यांनी कधी पाहिला नाही, पण त्या वर्णनावरून आकृती रचून त्याने लाकडी ठसा करवून घेतला. त्याचा गेंडा चिलखत घातल्यासारखा आहे. अंगावर खिळ्यांनी जोडल्यासारखे पत्रे, पायांवर खवले, मानेच्या मागे एक जास्तीचं छोटं शिंग. गेंडा बिचारा पुढच्याच वर्षी पोपला नजराणा म्हणून जाताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासकट बुडाला. ठसा मात्र छापला जात राहिला, ड्यूरर १५२८ मध्ये गेल्यावरही. लाकडाला तडा गेला, किडीने भोकं पाडली, तरी ॲमस्टरडॅमच्या एका प्रकाशकाने सतराव्या शतकात त्यात रंगाच्या दुसऱ्या ठशाची भर घालून त्याच्या प्रती काढल्या. अठराव्या शतकापर्यंत युरोपातल्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत गेंडा म्हणजे हाच. चूक असूनही तो खऱ्यापेक्षा खरा ठरला. ड्यूररने पंचवीस प्रती काढून ठसा फोडून टाकला असता, तर हे घडलं असतं का?

संख्येच्या या बळाला राज्यकर्ते ओळखून होते. लंडनमध्ये चित्रकार हॉगार्थने १७५१ साली दारूचे दुष्परिणाम दाखवणारं ‘जिन लेन’ हे चित्र एका शिलिंगला विकायला काढलं ते ज्यांच्या वस्त्यांत स्वस्त दारूने पोरं मरत होती त्यांच्यापर्यंत पोचावं म्हणून. त्याच हॉगार्थने १७३५ मध्ये संसदेकडून कोरणाऱ्यांच्या हक्कांचा कायदा मिळवला होता, आणि तोही चोरट्या नकलांविरुद्ध, प्रतींच्या भरघोस संख्येविरुद्ध नव्हे. पुढे बव्हेरियात आलोइस सेनेफेल्डरने आपली नाटकं स्वस्तात छापायची खटपट करता करता १७९० च्या दशकात दगडावरची छपाई शोधून काढली, जिला आपण शिळाछाप म्हणतो. दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, पाण्याने दगड भिजवायचा, शाई फक्त तेलकट जागीच धरते. चित्रकाराची खडूची ओळ आता जवळजवळ जशीच्या तशी हजारोंनी उमटू लागली. ओनोरे दोमिएने अशी सुमारे चार हजार चित्रं केली. राजा लुई-फिलीपला जनतेचा पैसा गिळणारा राक्षस दाखवल्याबद्दल १८३२ मध्ये तो तुरुंगात गेला. एप्रिल १८३४ मध्ये पॅरिसच्या त्रान्सनोनँ रस्त्यावर सैनिकांनी एका इमारतीतल्या निःशस्त्र रहिवाशांना झोपेतून उठवून मारलं, तेव्हा त्याने दगडावर रात्रीच्या सदऱ्यातला एक मेलेला बाप आणि त्याच्या अंगाखाली दबलेलं पोर काढलं. पोलिसांनी सापडतील त्या प्रती आणि दगडही जप्त केला. पुढच्या वर्षीच्या कायद्याने चित्रांना आगाऊ परवानगी सक्तीची झाली, वर्तमानपत्रांतल्या शब्दांना नाही. छापून सगळीकडे पसरणाऱ्या चित्राचं भय शब्दापेक्षा जास्त होतं. दिवाणखान्यातल्या एका कॅनव्हाससाठी कोणतं सरकार असा कायदा करतं?

प्रतींचा आकडा घालण्यामागे काहीच तथ्य नाही असं मात्र मी म्हणणार नाही. पत्रा झिजतो. ड्रायपॉइंटच्या पहिल्या काही प्रतीच भरदार येतात, ॲक्वाटिंटचे, म्हणजे राळेची भुकटी वापरून आम्लाने उठवलेले, राखाडी पट्टे फिके पडत जातात, आणि जुनी लवकरची प्रत खरोखर पाहण्यासारखी असते. यावरून मर्यादा ही या कलेच्या अंगातच आहे, असा युक्तिवाद होतो. पण इतिहासातला क्रम पाहा. १८५० च्या दशकाच्या शेवटी तांब्याच्या पत्र्यावर विजेच्या साहाय्याने लोखंडाचा अतिशय पातळ मुलामा चढवण्याची युक्ती निघाली. आता तोच पत्रा कितीतरी जास्त प्रती देऊ लागला. फोटोवरून छपाईही मागोमाग आली. आणि नेमकं यानंतरच, १८८० च्या सुमारास, व्हिस्लर आणि सीमोर हेडन यांच्यासारख्या कलावंतांपासून प्रतीखाली पेन्सिलीने सही करण्याची चाल पडली. व्हिस्लर तर सही असलेल्या प्रतीला बिनसहीच्या प्रतीपेक्षा जास्त दाम घ्यायचा. पंचवीसपैकी सातवं, शंभरपैकी चाळिसावं, हे आकडे सर्रास झाले ते विसाव्या शतकात. तांब्याने घातलेली मर्यादा गेली, तेव्हा बाजाराने स्वतःची घातली. शिवाय आकडा बहुधा छापण्याचा क्रमही सांगत नाही, कारण प्रती वाळल्यावर गठ्ठ्यातून जशा हाती येतील तशा त्या मोजल्या जातात. ठरलेल्या प्रती झाल्या की चांगल्या पत्र्यावर आडव्यातिडव्या रेघा मारून तो रद्द करतात. असा रद्द केलेला पत्रा मी एकदा हातात घेतला होता. त्यावरच्या चेहऱ्यावरून गेलेला तो ओरखडा अजून आठवतो.

सही आणि आकडा यांनाच अस्सलपणाचा कस मानलं, तर फ्रान्सिस्को गोयाचं काय करायचं? त्याने १७९९ मध्ये ८० चित्रांचा ‘काप्रिचोस’ हा संच काढला आणि माद्रिदमध्ये आपल्या घराखालच्या, अत्तरं आणि मद्यं विकणाऱ्या दुकानात विकायला ठेवला. संच जेमतेम २७ विकले गेले, आणि १८०३ मध्ये त्याने पत्रे राजाला देऊन टाकले. नंतर नेपोलियनचं सैन्य स्पेनमध्ये शिरलं. झाडाला टांगलेली, तुकडे केलेली, भुकेने मेलेली माणसं गोया पत्र्यांवर कोरत राहिला. एका चित्राखाली त्याने लिहिलं, ‘मी हे पाहिलं’. हे पत्रे त्याच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाहीत. १८२८ मध्ये बोर्दोला तो वारला, आणि ‘युद्धाचे अनर्थ’ हा ८० चित्रांचा संच माद्रिदच्या कला अकादमीने १८६३ मध्ये, म्हणजे ३५ वर्षांनी छापला. सही नाही, आकडा नाही, छापताना चित्रकार हजर नाही. तरी युद्धाविषयी त्याहून अस्सल चित्रं युरोपने केली आहेत असं मला वाटत नाही. इथेही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. अकादमीच्या छपाईवाल्यांनी पत्र्यावर शाईचा थर जास्त राहू दिला, आणि गोयाने स्वतः घेतलेल्या मोजक्या प्रती अधिक स्वच्छ, अधिक कठोर दिसतात. म्हणजे प्रतीप्रतीत फरक असतोच. पण तो डोळ्यांनी पाहून कळतो, पेन्सिलीतल्या आकड्यावरून नाही.

आजच्या कलावंताच्या पोटाचा प्रश्न उरतो, आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. महिनाभर पत्र्याशी झटून ज्याने वीस प्रती काढल्या, त्याच्या शेजारी कोणी संगणकावरून रंगीत फवारा मारलेली शंभर चित्रं ‘लिमिटेड एडिशन’ म्हणून मांडली, तर त्याने काय करावं? प्रतींचा प्रामाणिक हिशेब ठेवावा, गिऱ्हाइकाला खरं सांगावं, यात मला काहीच गैर वाटत नाही. पण आकडा हीच ढाल केली तर ती त्याला वाचवणार नाही, कारण तीच ढाल समोरच्याकडेही असते. फवाऱ्याच्या छपाईवरही ७/२५ लिहिता येतं. सहीची तर साल्वादोर दालीच्या उतारवयात पार शोभा झाली. १९७४ मध्ये फ्रान्समधून अँडोराकडे निघालेल्या एका ट्रकमध्ये त्याच्या सह्या असलेले हजारो कोरे कागद सापडले. चित्र अजून जन्मालाच आलं नव्हतं, आणि अस्सलपणाचा दाखला तयार होता. म्हणून दालनवाल्यांना माझी विनंती आहे की चित्राशेजारच्या चिठ्ठीवर आकड्याआधी दुसऱ्या गोष्टी लिहा. पत्रा तांब्याचा की जस्ताचा, रेघ सुईची की आम्लाची, आणि छापलं कोणी. बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे मिळेल.

यातला शेवटचा प्रश्न, छापलं कोणी, कोरलं कोणी, हा नेहमी गाळला जातो. १९६० मध्ये व्हिएन्नात कलावंतांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने अस्सल मुद्राचित्राची व्याख्या केली, तीत छापण्याचा ठसा कलावंताने स्वतः केलेला असावा आणि प्रतींवर सही-आकडा असावा अशी अपेक्षा धरली. हेतू चांगला होता. पण ही व्याख्या मागे लावली तर ड्यूररचे कितीतरी लाकडी ठसे बाद होतील, कारण जर्मनीत चित्रकार लाकडावर आखायचा आणि कापायचा दुसराच कारागीर. हान्स हॉल्बाइनचं ‘मृत्यूचं नृत्य’ही बाद होईल. काड्यापेटीहून जरासेच मोठे ते ठसे. मृत्यू पोपला नेतो, नांगरणाऱ्याचे घोडे हाकतो, चुलीपाशी बसलेल्या आईच्या हातून पोर ओढून नेतो. हॉल्बाइनने ते आखले आणि बाझलच्या हान्स ल्युत्सेलबुर्गरने कापले. केसाएवढ्या रेघा त्याने लाकडात उभ्या ठेवल्या आहेत. १५२६ मध्ये तो मेला तेव्हा संच पुरा झाला नव्हता. ठसे लिओंला गेले आणि १५३८ मध्ये ४१ चित्रांचं पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर ना हॉल्बाइनचं नाव, ना ल्युत्सेलबुर्गरचं. पण त्यातलं सरदारीण बाईचं चित्र काढून बघा. मृत्यू तिच्या पांघरुणाला हात घालतो आहे, आणि पलंगाच्या पायथ्याशी लाकडात दोन अक्षरं कापलेली आहेत, एच आणि एल. जितक्या प्रती निघाल्या, तितक्या सगळ्यांवर ती आहेत.